कुडू-एलंड गटातील कुरंगांचे कान

आफ्रिकेतील कुडू, एलंड, बोंगो, सिटाटुंगा, न्याला आणि बुशबक ही पिळदार शिंगांची कुरंगे ट्रॅजेलाफिनी या एकाच गटात मोडतात. आपल्याकडची नीलगाय आणि चौशिंगा त्यांच्याच बोव्हिनी उपकुलातील, म्हणजे लांबच्या नात्यातल्या. या गटाची ओळख नेहमी शिंगांवरून करून दिली जाते. पण बोंगो आणि एलंड सोडले तर शिंगे फक्त नरांना असतात. कान नर-मादी दोघांनाही असतात आणि जात कोणत्या रानात राहते, हे त्यांवरून अधिक चांगले कळते.

कर्णपाळीचा सांगाडा लवचिक कूर्चेचा असतो. तिच्या बुडाशी अनेक लहान स्नायू जोडलेले असतात आणि त्यांना सातव्या मस्तिष्क-तंत्रिकेकडून, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या चेहऱ्याच्या मज्जातंतूकडून, आज्ञा मिळतात. दोन्ही बाजूंचे स्नायू स्वतंत्रपणे चालतात. झुडपाआड निश्चल उभा असलेला मोठा कुडू पाहिला, की याचा अर्थ कळतो: मान हलत नाही, पाय हलत नाहीत, पण एक कान समोर रोखलेला असतो आणि दुसरा सावकाश मागे वळतो. डोके न वळवता आवाजाची दिशा हेरता येते आणि हालचाल शत्रूच्या नजरेतही येत नाही. कुडूचे कान मोठे, रुंद आणि गोलसर असतात. दाट जंगलातल्या बोंगोचेही कान असेच मोठे असतात.

खरी बोलकी तुलना दोन एलंडांची आहे. दोघेही अवाढव्य, एकमेकांचे अगदी जवळचे नातलग. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या, बऱ्याच मोकळ्या माळांवर चरणाऱ्या सामान्य एलंडाचे कान लहान आणि अरुंद असतात. सेनेगलपासून दक्षिण सुदानपर्यंत वृक्षराजीच्या प्रदेशात तुरळक उरलेल्या महाएलंडाचे कान मात्र रुंद, गोलाकार आणि ठळक काळ्या खुणेचे असतात. झाडीत नजर लांब पोहोचत नाही, म्हणून तिथे मोठ्या कानांचा फायदा होत असावा, असे मानले जाते. केवळ नात्याने हा फरक उलगडत नाही.

एलंडांच्या जगात आवाजाला आणखी एक महत्त्व आहे. सामान्य एलंडाचा थोराड नर चालताना त्याच्या पुढच्या पायांतून टकटक आवाज येतो आणि तो बऱ्याच अंतरावरून ऐकू येतो. या आवाजावरून प्रतिस्पर्ध्याला नराच्या आकाराचा अंदाज येतो, असे अभ्यासकांनी सुचवले आहे.

कान केवळ ऐकण्यासाठीच हलतात असे नाही. माश्या हाकलतानाही ते सतत फडफडतात, त्यामुळे कानाची प्रत्येक हालचाल सावधपणाची समजू नये. एकाच प्राण्याला पुन्हा ओळखायचे असेल, तर फाटलेल्या कानाची कड आणि अंगावरचे पांढरे पट्टे एकत्र पाहावे लागतात.