ब्रॉडबँडमधील वेगनियमन आणि फाइल-देवाणघेवाण

इंटरनेट सेवा पुरवणारी कंपनी ग्राहकांची कोणती वाहतूक केव्हा आणि किती वेगाने जाऊ द्यायची हे ज्या तांत्रिक व व्यापारी उपायांनी ठरवते, त्यांना एकत्रितपणे वेगनियमन म्हणतात. हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो फाइल-देवाणघेवाणीमुळे, विशेषतः ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली तयार केलेल्या बिटटॉरंट पद्धतीमुळे. या पद्धतीत फाइल एका सर्व्हरवरून येत नाही. तिचे तुकडे अनेक घरगुती संगणकांकडून येतात आणि घेणाराही हाती आलेले तुकडे त्याच वेळी इतरांना पाठवत असतो.

घरगुती जोडणीची रचना मात्र वेगळ्या गृहीतकावर झालेली होती. ग्राहक मागवील जास्त आणि पाठवील कमी, असे मानून तांब्याच्या टेलिफोन-तारेवरील एडीएसएल सेवेत डाउनलोडचा मार्ग रुंद आणि अपलोडचा अरुंद ठेवलेला असे. टॉरंटने अपलोड पूर्ण भरून टाकला की आलेल्या माहितीची पोच परत पाठवायलाही जागा उरत नाही, आणि म्हणून डाउनलोडही मंदावते. कंपनीने काहीही केलेले नसताना ग्राहकाला आपला वेग कापल्याचा संशय येतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. शिवाय विकलेला वेग प्रत्येकासाठी राखून ठेवलेला नसतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी, एकाला विकलेला वेग फार तर ५० जणांत वाटता येईल, अशी मर्यादा घालून दिली होती. वाडीच्या नळयोजनेवर सकाळी सगळ्यांनी एकदम तोट्या सोडल्या की टोकाच्या घरी धार बारीक होते, तसेच रात्री नऊच्या सुमारास येथे घडते.

ही कोंडी टाळण्यासाठी कंपन्यांनी निरनिराळे मार्ग वापरले. अमेरिकेतील कॉमकास्टने बिटटॉरंटच्या जोडण्या बनावट ‘जोडणी तोडा’ संदेश पाठवून खंडित केल्याचे २००७ मध्ये उघड झाले. तेथील दूरसंचार आयोगाने २००८ मध्ये त्याविरुद्ध आदेश दिला, पण आयोगाला तसा अधिकार नसल्याचे सांगून न्यायालयाने तो २०१० मध्ये रद्द केला. पोर्ट क्रमांक, म्हणजे संगणकावरील कोणत्या सेवेसाठी वाहतूक आहे हे सांगणारा आकडा, पाहून किंवा माहितीच्या पाकिटांची आतून तपासणी करून टॉरंट ओळखणे आणि मंद करणे हाही मार्ग रूढ झाला, तेव्हा टॉरंट सॉफ्टवेअरांनी सांकेतिकीकरणाने ती ओळख लपवण्यास सुरुवात केली. भारतात प्रामुख्याने रुळला तो वाजवी वापराचा, म्हणजे एफयूपीचा नियम : ठरावीक जीबी संपले की सर्वच वाहतूक मंद होते. बीएसएनएलच्या काही जुन्या योजनांमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ हा वेळ मोजणीतून वगळलेला असे, आणि मोठ्या फाइली तेव्हाच उतरवल्या जात. एका प्रकारची वाहतूक गुपचूप अडवण्यापेक्षा आधी जाहीर केलेली आणि सर्वांना सारखी लागू असलेली मर्यादा अधिक न्याय्य आहे, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी लागणारा किमान वेग २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट होता. तो २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाला. २०१८ मध्ये परवान्यातच नेट-समानतेची अट आली. आशयानुसार अडवणूक, मंदगती किंवा झुकते माप देण्यास तिने मनाई केली, मात्र वाजवी वाहतूक-व्यवस्थापनाला मुभा ठेवली. टॉरंट ही पद्धत स्वतः बेकायदेशीर नाही. लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीच्या अनेक आवृत्त्या तिच्याद्वारेच वितरित होतात. परवानगीविना चित्रपट वाटणे हा मात्र १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचा भंग ठरतो आणि त्यासाठी न्यायालये संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश देतात. ग्राहकाला दिसणारे असे ‘बंद’ आणि वेगनियमन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोकण किनारपट्टीवर वेगाचा प्रश्न बव्हंशी भूगोलाचा आहे. कोकण रेल्वेच्या रुळांलगत प्रकाशतंतू आहे, पण रुळांपासून खाडीपलीकडच्या गावापर्यंतचा टप्पा अवघड असतो. जांभ्यात चर खणणे कष्टाचे, घरे आगरांतून विखुरलेली, म्हणून केबल पुष्कळ ठिकाणी खांबांवरून आणि माडांमधून ओढलेली असते. झावळी पडली किंवा महामार्गाच्या रुंदीकरणात तार तुटली, तर दुसरा मार्ग नसलेले गाव एकदम खंडित होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले, तेव्हा खांब कोसळून वीज आणि दूरसंचार दोन्ही बंद पडले. गणपतीला चाकरमानी गावी आले की तीच तंतुवाहिनी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक फोन आणि संगणक पेलते, आणि त्या दिवसांतील मंदपणाला कोणत्याही नियमनाची गरज नसते.

टॉरंट मंद चालल्यावर कारण ओळखायचे, तर आधी एकके नीट लक्षात घ्यावी लागतात : १०० मेगाबिटच्या जोडणीवर पडद्यावर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट दिसतात, कारण ८ बिटांचा एक बाइट होतो. त्यानंतर राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर पहाटे आणि रात्री वेग मोजावा. दोन्ही वेळा मोजणी चांगली येऊनही फक्त टॉरंट रखडत असेल, तर प्रकारानुसार नियमनाची शंका रास्त आहे. पण अनेक ग्राहकांना इंटरनेटवरील एकच सार्वजनिक (आयपी) पत्ता वाटून देणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात बाहेरच्या संगणकांना आपल्याकडे जोडणी सुरू करता येत नाही आणि त्यामुळेही टॉरंट मंदावते. अशा वेळी स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागून घेतल्यावर वेग सुधारला, तर कंपनी टॉरंट अडवत होती हा तर्क सोडून द्यावा लागतो.