इमेज फाइली चिकटवल्या म्हणून डिस्क मोठी होत नाही

'१० जीबीच्या दोन इमेज फाइली कॅट कमांडने जोडा, २० जीबीची डिस्क तयार!' हा सल्ला लिनक्सवाल्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरतोय. (इमेज फाइल म्हणजे डिस्कसारखी वापरता येणारी फाइल; कॅट फाइली एकापाठोपाठ एक जोडते.) फाइल २० जीबीची होते, हे खरं. पण फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी रचना, आपला आकार स्वतःच्या सुपरब्लॉकमध्ये (तिच्या मुख्य नोंदीत) लिहून ठेवते, आणि तिथे १० जीबीच असतं. माउंट केल्यावर, म्हणजे वापरासाठी जोडल्यावर, पहिलीच इमेज दिसते. दुसरी मागे नुसती पडून राहते. गैरसमजाचं मूळ बहुधा वेगळंच: फॅट३२ या जुन्या फाइलसिस्टिमवर एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा असल्याने एकाच इमेजचे तुकडे केलेले असतात. ते मात्र कॅटने बिनघोर जोडावेत.

खरोखर एक व्हॉल्यूम, म्हणजे एकसंध साठवणजागा, हवा असेल तर लॉसेटअप कमांडने प्रत्येक फाइल लूप डिव्हाइसला (फाइलीला डिस्कसारखं दाखवणाऱ्या आभासी उपकरणाला) जोडा. मग एलव्हीएमच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र करून व्हॉल्यूम बनवणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेच्या, कमांडचा क्रम: पीव्हीक्रिएट, व्हीजीक्रिएट, एलव्हीक्रिएट, आणि शेवटी नवी फाइलसिस्टिम. यात फाइलींमधला जुना डेटा जातो, तेव्हा रिकाम्या फाइलीच घ्या. जागा २० जीबीपेक्षा किंचित कमी भरेल, कारण एलव्हीएम स्वतःच्या नोंदींसाठी थोडी ठेवून घेतं. रीबूटनंतर लूप जोडण्या पुसल्या जातात, त्या पुन्हा कराव्या लागतात. आणि साध्या एलव्हीएममध्ये एक फाइल गेली की अख्खा व्हॉल्यूम धोक्यात. याला बॅकअप समजणं तर आणखी मोठा गैरसमज.