माउली (वारकरी परंपरेतील मातृभाव)

वारकरी संप्रदायात उपास्य दैवत, सद्गुरू आणि संत यांना आई मानून त्यांच्याशी लेकराच्या नात्याने बोलण्याची जी रीत आहे, ती या नावाने ओळखली जाते. विठ्ठलाला विठाई किंवा विठाबाई, ज्ञानेश्वरांना माउली आणि वारीच्या वाटेवर भेटणाऱ्या कोणालाही माउली म्हणण्याचा प्रघात सर्वपरिचित आहे. विठ्ठल आणि ज्ञानेश्वर दोघेही पुरुष. शिवाय पंढरपुरात रखुमाई असताना आईपणाचा मोठा वाटा विठ्ठलाकडे जावा, याची उकल अभ्यासकांनी वेगवेगळ्या प्रकारे केली आहे.

हा भाव भक्तिशास्त्रातील वात्सल्यभावाहून निराळा आहे. तमिळ आळवारांपैकी (विष्णुभक्त संतकवींपैकी) पेरियाळवार किंवा उत्तरेतील पुष्टिमार्गी, म्हणजे वल्लभाचार्यांच्या कृष्णभक्ती पंथातील, कवी यशोदेच्या भूमिकेतून बाळकृष्णाचे लाड करतात. तेथे भक्त आई असतो आणि देव मूल. मराठीतही पाळणे आणि बाळक्रीडेचे अभंग आहेत, परंतु वारकरी अभंगाचा मुख्य सूर याच्या उलट आहे. ‘तूं माझी माउली मी वो तुझा तान्हा, पाजी प्रेमपान्हा पांडुरंगे’ या नामदेवांच्या नावावरील अभंगात भूक भक्ताची आहे आणि पाजण्याचे काम देवाचे. ‘पक्षिणी प्रभाते चारियासी जाये’ या अभंगातले पिलू उपाशी वाट पाहते. मातृत्व म्हणजे स्तुतीचे विशेषण नसून पाजणे, निजवणे, चारा आणणे आणि हाकेला धावणे अशी रोजची कामे आहेत, ही या कवितेची धारणा आहे व तिचे सामर्थ्यही त्यातच आहे.

या मातृभावाच्या उगमाविषयी एकमत नाही. एक पक्ष त्याचे मूळ भागवत, म्हणजे विष्णू-कृष्णभक्तीच्या, परंपरेत पाहतो; ‘पिताहमस्य जगतो माता’ हे गीतेच्या नवव्या अध्यायातील वचन (९.१७) त्यासाठी पुढे केले जाते. मात्र हे वचन देवाला एका दमात पिता, माता आणि पितामह म्हणते. त्यातून केवळ आईचे रूप एवढे का वाढले, याचा उलगडा होत नाही. दुसरा पक्ष दक्षिणेकडे बोट दाखवतो. बाराव्या शतकातील बसवेश्वरांच्या वचनांत देव आई आणि बाप दोन्ही आहे, आणि विठ्ठलाचे कानडेपण संतांनीच सांगितलेले आहे. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचे मूळ दक्षिणेतील गोपजनांच्या दैवतात शोधले (१९८४). ती मांडणी दैवताच्या जडणघडणीसाठी मोलाची आहे, पण तेवढ्यावरून मातृभावाचा उगम सिद्ध होतो असे म्हणता येत नाही. महानुभाव पंथाच्या चरित्रग्रंथांत रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना (चक्रधरस्वामींच्या गुरूंना) लोक माय आणि बाप म्हणतात, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्पुरुषाला माय म्हणण्याची रीत वऱ्हाडातही रुळलेली असावी, असे त्यावरून दिसते.

तिसरे मत हे मूळ नाथ व शाक्त (शक्तीची उपासना करणाऱ्या) परंपरेत पाहते, आणि ज्ञानेश्वरीच्या अंतर्गत पुराव्याचा विचार करता ते अधिक ग्राह्य वाटते. हा ग्रंथ परंपरेने शके १२१२ (इ.स. १२९०) चा मानला जातो. त्याच्या बाराव्या, म्हणजे भक्तियोगाच्या अध्यायाचा आरंभ गुरुकृपादृष्टीला आई म्हणून केलेल्या नमनाने होतो. ही आई साधकाला आधारशक्तीच्या मांडीवर वाढवते, हृदयाकाशाच्या पाळण्यात झोके देते, मन आणि पवन यांची खेळणी करते आणि आत्मसुखाची बाळलेणी लेववते. पुढची ओवी अशी : ‘सतरावियेचें स्तन्य देसी । अनाहताचा हल्लरु गासी । समाधिबोधें निजविसी । बुझाऊनि ॥’ सतरावी म्हणजे चंद्राच्या सोळा कलांपलीकडची अमृतकला, अनाहत म्हणजे आघाताविना उमटणारा नाद आणि हल्लरु म्हणजे अंगाई. मांडी, पाळणा, खेळणे, दूध, अंगाई आणि झोप हा तान्ह्या बाळाचा सबंध दिवस येथे कुंडलिनीयोगाच्या, म्हणजे देहातील सुप्त शक्ती जागवण्याच्या साधनेच्या, परिभाषेत, क्रम न मोडता मांडला आहे. असे रूपक केवळ भागवत परंपरेतून आले असण्याचा संभव कमी; त्यामागे शक्तीला प्रधान मानणारी नाथांची साधना असली पाहिजे. तेराव्या अध्यायात हेच नाते साध्या शब्दांत येते. तेथील शिष्य गुरूला पक्षिणी करतो आणि तिच्या चोचीतून चारा घेतो.

गुरूची ही माउली विठ्ठलाची विठाई केव्हा झाली, हे ठरवणे अवघड आहे, कारण अभंगांचे कर्तृत्वच अनेक ठिकाणी संदिग्ध आहे. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या रचना मिसळल्या आहेत, आणि जनाबाईंच्या नावावरील अभंग नामदेवांच्या गाथेतूनच आपल्यापर्यंत आले. त्यामुळे ‘विठो माझा लेकुरवाळा’ यासारखी रचना चौदाव्या शतकाची मानावी की नंतरची, याबद्दल सावध राहणेच योग्य. सतराव्या शतकात, तुकारामांच्या काळापर्यंत, हा भाव पूर्ण स्थिरावला होता, एवढे मात्र निश्चित. ‘लेकराचे हित वाहे माउलीचे चित्त, ऐसी कळवळ्याची जाति करी लाभेंविण प्रीति’ या त्यांच्या वचनात निरपेक्षता हे मातृत्वाचे लक्षण ठरते.

संत स्त्रियांच्या रचनांत व कथांत आईचे रूप अधिक घरगुती आहे. जनाबाईंचा विठ्ठल दळू लागतो, शेणी वेचू लागतो. चोखामेळा घरी नसताना त्यांच्या पत्नी सोयराबाईंचे बाळंतपण करायला विठ्ठल नणंदेच्या रूपाने आला, अशी कथा परंपरेत आहे. तिरुचिरापल्लीच्या शिवाची कथा तिच्याशी विलक्षण जुळते. कावेरीच्या पुरामुळे बाळंतिणीची आई अडकली तेव्हा शिव तिच्या रूपाने आला, अशी ही कथा असून तेथील देवाचे तायुमानवर (आईही झालेला) हे नाव त्यावरूनच पडले. दोन्ही कथांत थेट देवाणघेवाण झाली असे म्हणण्यास आधार नाही. परंतु अडलेल्या बाळंतिणीजवळ आपले माणूस हवे ही गरज दोन्हीकडे सारखीच आहे, आणि महार समाजातील सोयराबाईंसाठी तो प्रश्न किती बिकट असेल हे वेगळे सांगायला नको. अभ्यासकांनी या कथेकडे चमत्कारकथा म्हणून पाहिले. सुईणपणाच्या इतिहासाच्या दृष्टीनेही ती वाचली जावी.

मुक्ताबाई, जनाबाई आणि कान्होपात्रा यांपैकी कोणीही लेकुरवाळी म्हणून स्मरणात नाही. संप्रदायाने आईपण प्रसूतीपासून वेगळे काढल्यामुळे निपुत्रिक ज्ञानेश्वर माउली होऊ शकले. मूल नसलेल्या बाईला समाजात मात्र ही सवलत मिळाली नाही. तिला दूषण देण्याची रीत भजनाच्या गावांतही चालूच राहिली. जात्यावरच्या ओव्यांत विठाईशेजारी खरी आई येते, आणि ती बहुधा दुरावलेल्या माहेराची आई असते. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात अशा एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. मातृभावाच्या अंगाने त्यांचा अभ्यास अजून तोकडाच आहे.

सर्वांना लेकरे मानणाऱ्या या दैवताच्या दारात भेद होता, ही विसंगती चोखामेळ्यांच्या अभंगांत उघड दिसते. बडवे (मंदिराचे पुजारी) मारतात म्हणून ते विठूचा धावा करतात. त्यांची समाधी मंदिराच्या महाद्वारापाशी, बाहेर आहे. हा प्रश्न विसाव्या शतकात पुन्हा ऐरणीवर आला. आईवरील लेखनासाठी घरोघरी वाचल्या गेलेल्या साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले; दहा दिवसांनी ते सुटले आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी विठ्ठल मंदिर खुले करण्याचा मार्ग मोकळा झाला.