दरबारातील सन्मानासाठी शिफारस : अर्ज नेमका कुठे अडतो

‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रोनिझम’ ही संस्था १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सुरू झाली. सतराव्या शतकापूर्वीचे, मुख्यतः युरोपातील जीवन अभ्यासून ते प्रत्यक्ष साकारणे हे तिचे काम आहे. तिच्या मेळाव्यांत राजा-राणीचा दरबार भरतो आणि सभासदांना सन्मान दिले जातात. दरबार रेंगाळला की बोल लागतो तो हेरल्डला, म्हणजे आपल्याकडील भालदार-चोपदाराचे काम करणाऱ्याला. हे काम मी अनेकदा केले आहे आणि खात्रीने सांगते की, घोटाळ्याचे मूळ बहुतेक वेळा काही आठवडे आधी भरलेल्या शिफारशीच्या अर्जात असते.

शिफारस कोणीही करू शकतो. त्यासाठी स्वतःला एखादा सन्मान मिळालेला असावा लागत नाही. ‘राजा-राणीच्या नजरेत आलेच असेल’ या समजुतीपायी कितीतरी कष्टाळू माणसे वर्षानुवर्षे मागे राहतात, म्हणून ही समजूत आधी सोडावी. अर्ज आपापल्या ‘राज्या’च्या, म्हणजे संस्थेच्या प्रादेशिक विभागाच्या, संकेतस्थळावर मिळतो आणि भरायला फारसा वेळ लागत नाही.

पहिली अडचण सन्मानाच्या निवडीची. ‘अवॉर्ड ऑफ आर्म्स’ हा बहुधा पहिला सन्मान असतो आणि त्याने ‘लॉर्ड’ किंवा ‘लेडी’ म्हणवून घेण्याचा अधिकार मिळतो. तो त्या व्यक्तीला आधीच मिळालेला नाही ना, हे मानक्रमाच्या नोंदवहीत, म्हणजे कोणाला कोणता सन्मान मिळाला त्याच्या यादीत, पाहणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. पण तेवढीही तसदी न घेतल्यामुळे शिफारशी वाया जातात. ‘लॉरेल’ (कला-विद्येसाठी) किंवा ‘पेलिकन’ (सेवेसाठी) अशा सर्वोच्च सन्मानांसाठी राजा-राणी त्या वर्गातील मानकऱ्यांचे मत घेतात, त्यामुळे तिथे लगेच निर्णयाची अपेक्षा ठेवू नये.

दुसरी अडचण नावाची, म्हणजे सभासद मेळाव्यात जे जुन्या काळातले नाव घेऊन वावरतात त्याची, आणि सर्वाधिक अर्जदार इथेच धास्तावतात. नाव किंवा ढालीवरचे चिन्ह संस्थेकडे नोंदवलेले नसेल तर सन्मान मिळत नाही, असे अनेकांना वाटते. हे खरे नाही. नोंदणी ही वेगळी प्रक्रिया आहे. तिच्यासाठी मात्र ते नाव १६५० पूर्वी वापरात होते याचा लेखी पुरावा सहसा लागतो, आणि नेमका तोच कागद कोणाजवळ नसतो. अमेरिकेतील मराठी मंडळींपैकी कोणाला मराठी नाव घ्यायचे असेल, तर ‘लीळाचरित्र’ किंवा यादवकालीन शिलालेखांची छापील संकलने ही शोधाला सुरुवात करण्याची चांगली जागा आहे. परंतु ‘आमच्या घराण्यात हे नाव पूर्वापार आहे’ एवढे सांगून भागत नाही. ज्या पानावर नाव आहे त्याची आणि पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाची प्रत सोबत जोडावी, आणि मजकूर मराठीत असल्याने त्याचा इंग्रजी अर्थही द्यावा.

शिफारशीच्या अर्जात ती व्यक्ती मेळाव्यात ज्या नावाने ओळखली जाते ते नाव अचूक अक्षरांत लिहावे, कारण मानपत्र लिहिणारा तेच पाहून लिहितो. हे मानपत्र सुलेखनाने आणि रंगीत वेलबुट्टीने हाताने सजवलेले असते. अनेक संध्याकाळी खर्चून केलेल्या अशा कागदावर एक अक्षर चुकलेले पाहताना लिहिणाऱ्याचा चेहरा कसा उतरतो, ते मी जवळून पाहिले आहे. उच्चारही फोड करून द्यावा. नावात ‘ळ’ असेल तर तिथे हेरल्ड हमखास अडखळतो, आणि आयुष्यात एकदाच येणाऱ्या त्या क्षणी माणसाला आपले नाव परके वाटते.

मुदतीचा घोळ तर दरवेळी होतो. मेळाव्याची तारीख म्हणजे अर्जाची शेवटची तारीख नव्हे. मानपत्राला वेळ लागतो, म्हणून निदान दोन महिने हाताशी ठेवावेत. शिवाय बहुतेक राज्यांत राजा-राणी सुमारे सहा महिन्यांनी बदलतात. जुन्या शिफारशी पुढच्यांकडे आपोआप जातात की नाही, हे प्रत्येक राज्यात निराळे असते. हे कुठेतरी ठळक लिहून ठेवण्याइतकीही काळजी घेतली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. तोवर नवे राजा-राणी गादीवर येताच शिफारस पुन्हा पाठवावी.

शेवटचा रकाना उपस्थितीचा. तो रिकामा सोडू नये. एकदा मी एका बाईंचे नाव तीनदा पुकारले. सिंहासनापुढची गुडघे टेकायची उशी तशीच मोकळी, सभागृह माना वळवून दाराकडे पाहत राहिलेले, आणि त्या बाई मागच्या स्वयंपाकघरात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात हात घालून मेजवानीची भांडी घासत होत्या. ज्या सेवेसाठी त्यांचा सन्मान व्हायचा होता, तीच सेवा त्या करत होत्या. अर्जात एका विश्वासू मैत्रिणीचे नाव आणि फोन असता, तर गुपित न फोडता त्यांना वेळेवर सभागृहात आणता आले असते. त्याच रकान्यात गुडघेदुखी, पायऱ्या चढण्याचा त्रास किंवा कमी ऐकू येणे याचीही नोंद करावी. म्हणजे उशीऐवजी खुर्ची आधीच मांडून ठेवता येते.