ऑपरेशननंतरचं पोषण

ऑपरेशननंतरचं पोषण म्हणजे जखम भरावी, इन्फेक्शन होऊ नये आणि गेलेली ताकद परत यावी म्हणून पेशंटला तोंडाने, नळीने किंवा शिरेतून जे काही दिलं जातं ते सगळं. आपल्याकडे याला सरसकट ‘पथ्य’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण पथ्य म्हटलं की काय खायचं नाही याचीच यादी होते, पोटात नक्की किती गेलं हे कोणी विचारतच नाही.

मोठं ऑपरेशन झालं की शरीर जखम भरायला लागणारं प्रोटीन स्वतःच्याच स्नायूंमधून काढायला लागतं. ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या आसपास हाड मोडलेल्या पेशंटच्या लघवीतून किती नायट्रोजन (प्रोटीन मोडलं की तो बाहेर पडतो) जातो ते मोजलं होतं, तेव्हाच हे कळलं होतं की दुखापतीनंतर स्नायू झिजतात. पुढे १९३६ मध्ये अमेरिकेत हायरम स्टडली या सर्जनने अल्सरच्या ऑपरेशनचे पेशंट तपासले, त्यात ज्यांचं वजन आधीच २० टक्क्यांहून जास्त उतरलेलं होतं त्यांच्यातले ३३ टक्के दगावले आणि बाकीच्यांमधले फक्त ३.५ टक्के. म्हणून ऑपरेशनच्या आधी पेशंटचं वजन किती उतरलंय हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. सहा महिन्यांत १०-१५ टक्के उतरलं असेल तर कॅन्सरचं ऑपरेशनसुद्धा एक-दोन आठवडे पुढे ढकलून आधी खाणं सुधारावं असं आता गाईडलाईन्समध्ये आहे. आणि जाड माणूस कुपोषित नसतो हा पण गैरसमजच, चरबीखाली स्नायू पार गेलेले असू शकतात.

आता सलाईनबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. ‘सलाईन चालू आहे ना, मग जेवणाची काय घाई’ हे वॉर्डात रोज ऐकू येतं. नॉर्मल सलाईन म्हणजे मीठ-पाणी, त्यात कॅलरी शून्य. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण एका पोळीएवढ्या कॅलरी आणि प्रोटीन काहीच नाही. साठ किलोच्या माणसाला ऑपरेशननंतर दिवसाला १५०० ते १८०० कॅलरी आणि ९० ग्रॅमपर्यंत प्रोटीन लागतं, त्यामुळे दिवसभरात चार बाटल्या गेल्या तरी तो जवळपास उपाशीच असतो. सलाईनने पाणी आणि क्षार मिळतात, ते गरजेचं आहेच, पण ते जेवण नाही.

पूर्वी आदल्या रात्री बारापासून एनबीएम म्हणजे तोंडाने काहीच नाही आणि नंतर गॅस पास होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही अशी पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. खरं तर लहान आतडं एका दिवसाच्या आतच काम करायला लागतं, उशीर लागतो तो मोठ्या आतड्याला, दोन-तीन दिवस. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं की लवकर खायला दिलं, लवकर चालवलं आणि दुखणं नीट आवरलं तर आतड्याच्या ऑपरेशनचे पेशंटही लवकर घरी जातात, त्यातूनच इरास (ERAS) ही ऑपरेशननंतर लवकर सावरायची पद्धत आली. आता बहुतेकांना भुलीच्या सहा तास आधीपर्यंत हलकं खाणं आणि दोन तास आधीपर्यंत पाणी चालतं, आणि ऑपरेशननंतर काही तासांतच घोट घोट सुरू करता येतं. अर्थात शुगर, पोटाचा त्रास किंवा इमर्जन्सी असेल तर हिशोब वेगळा, तिथे भूलतज्ज्ञ सांगतील तेच.

घरून डब्यात येते पेज, वरणाचं पाणी, शहाळं, साबुदाण्याची खीर. प्रेमाने येतं आणि पहिल्या दिवशी ठीकच आहे पण यात प्रोटीन नावाला असतं, आठवडाभर तेवढ्यावर काढला तर टाके भरायला उशीर होणारच. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढंच. शाकाहारी माणसाने घट्ट मुगाचं वरण, तूप घातलेली आटवल, दही, पनीर, सोयाबीन यावर भर द्यावा, आणि भूक नसतेच म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. भाताने किंवा आंबट खाल्ल्याने पू होतो म्हणतात ते खरं नाही. पू जंतूंमुळे होतो, आणि जखम भरायला लागणारं क जीवनसत्त्व तर लिंबू-आवळ्यातच असतं.

पाच दिवसांच्या वर तोंडाने काही जाणार नाही असं दिसत असेल, किंवा आठवडाभर निम्म्याहूनही कमी जाणार असेल तर वाट न बघता नळी घालतात. नाकातून जाते ती राइल्स ट्यूब, जॉन राइल या इंग्लिश डॉक्टरने १९२१ मध्ये आणलेली. अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर बऱ्याचदा थेट लहान आतड्यात नळी ठेवतात, तिला एफजे म्हणतात. राइल्समधून फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवीच नाहीतर अन्न फुप्फुसात जायची भीती असते, आणि फीड झाल्यावर नळी पाण्याने धुवायची.

आतडं चालतच नसेल तर शिरेतून पूर्ण आहार म्हणजे टीपीएन. १९६८ मध्ये फिलाडेल्फियात स्टॅनली डड्रिक यांनी कुत्र्याची पिल्लं फक्त यावर वाढवून दाखवली होती. जीव वाचवणारी गोष्ट आहे पण महाग, आणि शिरेत घातलेल्या नळीतून इन्फेक्शन होऊ शकतं, म्हणून आतडं चालतंय तोवर आतडंच वापरतात.

बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर देणं मात्र धोक्याचं. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन खाली येतं आणि हृदय बंद पडू शकतं, याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. त्यामुळे हळूहळू वाढवत न्यायचं, आधी थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व द्यायचं आणि रोज रक्त तपासायचं. पूर्ण जठर काढलेल्यांना तर घरी गेल्यावरही एकदम गोड खाल्लं की घाम, धडधड, चक्कर असा त्रास होतो आणि बी-१२ जन्मभर घ्यावं लागतं, बहुतेकदा इंजेक्शनने.