‘नाशिककर’मधला कर

घरपट्टी वाढली की मथळ्यात ‘कर’ आणि ‘नाशिककर’ शेजारी शेजारी येऊन बसतात. २०१८ मध्ये मोकळे भूखंड आणि मळ्यांच्या जमिनींवरच्या वाढीव कराने शहर ढवळून निघालं, तेव्हा तर हे रोजचंच झालं होतं. एक कर आपण भरतो, दुसरा नावामागे अभिमानाने लावतो. हे दोन्ही शब्द एकच की वेगळे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

नाशिकजवळच्या पांडवलेणीच्या तिसऱ्या लेण्यात, ओसरीच्या भिंतीवर सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे. तिच्या नातवाच्या, राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, एकोणिसाव्या राज्यवर्षातला. त्यात ती आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण सांगते. एक विशेषण आहे ‘अभयोदकदानकिलिननिभयकरस’: अभयदानाचं पाणी सोडून ज्याचा निर्भय हात ओला झाला आहे, त्याचं. इथे कर म्हणजे हात. थोडं पुढे ‘धमोपजितकरविनियोगकरस’ येतं: धर्माने मिळवलेल्या कराचा विनियोग करणाऱ्याचं. या एकाच समासात पहिला कर पट्टीचा आणि दुसरा ‘करणारा’ या अर्थाचा. एका आईच्या तोंडी एका लेखात एवढ्याशा शब्दाचे तीन अर्थ आहेत, आणि वाचताना कुठेही अडखळायला होत नाही.

चौथा अर्थ, म्हणजे रहिवासी, या लेखात नाही. अठराव्या लेण्याच्या, चैत्याच्या, दारावर दान नोंदवणारी एक ओळ आहे. तिथे नाशिकच्या लोकांसाठी ‘नासिकक’ हा शब्द वापरलाय. नुसता ‘क’ लावला की काम झालं. ‘र’ नंतरचा.

मग हा ‘कर’ आला कुठून? यावर दोन तर्क मांडले जातात. पहिला आपल्याला शाळेपासून माहीत असतो: कृ धातू, कर म्हणजे करणारा. पण दिनकर म्हणजे दिवस करणारा, सुखकर म्हणजे सुख देणारं. त्या न्यायाने नाशिककर म्हणजे नाशिक घडवणारा व्हायला हवा, आणि तसं कोणी म्हणत नाही. येवलेकर येवल्याचा असतो, सिन्नरकर सिन्नरचा. अर्थ सरळ षष्ठीचा आहे, ‘चा’चा.

दुसरा तर्क तिथूनच सुरू होतो. प्राकृतात ‘केर’ हा शब्द ‘त्याचा, त्याच्या मालकीचा’ या अर्थाने येतो. अवधीत षष्ठीसाठी ‘केर’ आणि ‘कर’ दोन्ही सापडतात. बंगालीत ‘एखानकार’ म्हणजे इथला, ‘आजकालकार’ म्हणजे हल्लीचा. आपला कर याच गोतावळ्यातला असावा असं मला ठामपणे वाटतं. ‘केर’मधल्या ए-चा मराठीत अ कसा झाला, ही या तर्काची खरी अडचण आहे आणि ती लपवू नये. तरीही अर्थाच्या बाजूने पाहिलं तर पहिला तर्क मला अगदीच लंगडा वाटतो. गावाच्या नावाला चिकटलेल्या प्रत्ययाचा अर्थ त्या गावच्या माणसांना विचारावा, धातुपाठाला नव्हे.

या चर्चेत हंगेरियन भाषा हमखास येते. तिथे ‘कर’ म्हणजे बाहू, आणि संस्कृतातही कर म्हणजे हात! एवढ्यावर काही जण थेट नातं जोडून मोकळे होतात. हंगेरियन उरालिक कुळातली भाषा आहे, आपल्या कुळाशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. क, अ, र हे ध्वनी जगातल्या बहुतेक भाषांत आहेत. तीन ध्वनींचा शब्द अनेक भाषांत सापडणारच, आणि एवढ्या भाषा म्हटल्यावर एखाद्या ठिकाणी अर्थही जुळणार. तुर्कीत हाच शब्द (आपल्या कानाला जरासा ‘कार’कडे झुकणारा) आभाळातून पडणाऱ्या बर्फाचा आहे. स्वीडिशमध्ये तो पाण्याचं मोठं भांडं होतो, साधारण आपल्या घंगाळासारखं. फारसीत ‘कर’ म्हणजे बहिरा.

फारसीतलाच ‘कार’ म्हणजे काम, तो मात्र खरोखर आपला भाऊबंद, संस्कृत कृ धातूच्याच मुळातून निघालेला. नातं ओळखायचं तर एका शब्दाचा सारखेपणा पुरत नाही. ध्वनींचे बदल शब्दामागून शब्दात त्याच नियमाने दिसावे लागतात. फारसी आणि संस्कृतात ते दिसतात, हंगेरियनमध्ये नाही.

बोलताना आपण ‘नाशिक्कर’ म्हणतो, दोन्ही क एकमेकांत मिसळून. घाईत लिहिणारे मग एक क गाळून ‘नाशिकर’ करतात. अठराव्या लेण्यावर कोरणाऱ्याने ‘नासिकक’ लिहिताना दोन्ही क ठेवले आहेत: एक गावाचा, एक प्रत्ययाचा.