वर्षअखेरचे देणगी-आवाहन (खानदेश)

सेवाभावी संस्थेने हिशेबी वर्ष संपण्याआधी देणगीदारांकडे पत्राने, भेटीने किंवा संदेशाने केलेली मदतीची विनंती, आणि ती नेमकी केव्हा करावी याची आखणी. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात या विषयाला वेगळे वळण मिळते, कारण इथे वर्ष एकदा संपत नाही. संस्थेचे वर्ष ३१ मार्चला संपते, पेढीचे दिवाळीला आणि शेताचे आखाजीला. घेणाऱ्याच्या वर्षअखेरीवर बेतलेले आवाहन देणाऱ्याच्या वर्षअखेरीशी जुळतेच असे नाही.

३१ मार्चचा उगम : भारतातील सरकारी वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होते, त्यापूर्वी ते १ मे ते ३० एप्रिल असे. या बदलाची दोन कारणे दिली जातात. रब्बीचे पीक हाती आल्यावर हिशेब मिटावा म्हणून, हे एक. ब्रिटनच्या सरकारी वर्षाशी मेळ घालण्यासाठी, हे दुसरे. दुसरे अधिक पटते. रब्बी हेच कारण असते तर ३० एप्रिलची जुनी मुदतच सोयीची होती. मार्चअखेर गहू-हरभरा पुष्कळदा खळ्यावरच असतो. १९८४ मध्ये नेमलेल्या एल. के. झा समितीने जानेवारी-डिसेंबर वर्षाची शिफारस केली होती, ती सरकारने स्वीकारली नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्येही हिशेब ३१ मार्चला किंवा धर्मादाय आयुक्त ठरवतील त्या दिवशी पुरे करावेत अशी तरतूद आहे. म्हणजे दुसऱ्या तारखेला कायद्यात वाव आहे. पण आयकराचे वर्ष मार्चलाच संपत असल्याने व्यवहारात सगळे तीच तारीख धरतात.

दिवाळी आणि आखाजी : गुजराती व मारवाडी पेढ्यांचे जुने वर्ष विक्रम संवताप्रमाणे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलते. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते आणि लाभपंचमीला दुकानाचा मुहूर्त. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक ओले असताना समोर पावतीपुस्तक ठेवणारा विश्वस्त सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. त्या घडीला नकार देणे पेढीवर अशुभ मानतात. आकडा लहान असतो, पण तो वहीत चढतो आणि पुढच्या दिवाळीला आपोआप आठवतो.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातील मोठा सण. हे नाव ‘अखातीज’ या गुजराती-राजस्थानी रूपातून झिजून आले असावे. ‘अक्षय्य’ला थेट आदरार्थी ‘जी’ लागून ते बनले, ही व्युत्पत्ती कमी विश्वसनीय वाटते. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, वर्ष या दिवशी संपते व नवे ठरते. विदर्भ-मराठवाड्यात हाच व्यवहार बहुधा गुढीपाडव्याला होतो. सालदाराची उचल, मागचा हिशेब, माहेरी आलेल्या लेकी आणि पुढे खरिपाचे बियाणे, असा शेतकऱ्याचा हात या दिवसांत चहूकडून ओढलेला असतो. तेव्हा रोख मागू नये. मात्र याच दिवशी पाण्याची घागर भरून पितरांचे स्मरण करतात. आईवडिलांच्या नावे पाणपोई, वाचनालयातील कपाट किंवा एका मुलीचे वर्षाचे शुल्क, अशी स्मरणदेणगी आखाजीला सुचवून ठेवावी आणि रक्कम कापूस विकल्यावर घ्यावी, ही रीत उत्तम.

पीक आणि पैसा : बागायती कापसाची लागवड मे महिन्यात व वेचणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते, कोरडवाहू कापूस त्यानंतर येतो. भाव वाढेल या आशेने पुष्कळ घरांत कापूस माघ-फाल्गुनापर्यंत खोलीत भरून असतो. त्या घरी वर्गणी मागणे म्हणजे न विकलेला माल मोजायला लावणे. रावेर-यावल पट्ट्यात पावसाळ्याच्या सुरुवातीची मृगबाग व पावसाळ्यानंतरची कांदेबाग अशा दोन लागवडींमुळे केळीची कापणी जवळपास वर्षभर चालते, म्हणून तिथे एकच हंगाम धरता येत नाही. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली असेल तर आवाहन थांबवणे हाच शहाणपणा.

अधिक मासामुळे दिवाळी सरकते, ही गोष्ट आखणीत फार वेळा निसटते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरच्या सुमारास आले, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. तीन आठवड्यांच्या या फरकात पहिली वेचणी विकली जाण्याचा न जाण्याचा प्रश्न असतो. दिवाळी लवकर असेल त्या वर्षी गावाकडची पत्रे तुळशीच्या लग्नानंतर टाकावीत. शहरातील पेढ्यांची मात्र दिवाळीच्या आधी पोचलीच पाहिजेत.

मार्चचे आवाहन : आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०-जी खाली पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर वजावट मिळत आली. २०१७-१८ पासून २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा अधिनियम लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, वजावटीचे तत्त्व राहिले. परंतु २०२३-२४ पासून नवी करप्रणाली करदात्याने वेगळे न निवडल्यास आपोआप लागू होणारी ठरली असून तिच्यात ही वजावट नाही. त्यामुळे ‘३१ मार्चपूर्वी द्या, कर वाचवा’ हे वाक्य आज निम्मे खरे आहे. नोकरदाराला पाठवताना ते गाळलेले बरे.

अखेरच्या दिवशीचा धनादेश कोणत्या वर्षाचा, हा प्रश्न दरवर्षी निघतो. सर्वोच्च न्यायालयाने ओगले ग्लास वर्क्स प्रकरणात (१९५४) म्हटले आहे की धनादेश वटला तर रक्कम तो दिल्याच्या दिवशीच मिळाली असे धरतात, आणि घेणाऱ्याच्याच विनंतीवरून तो टपालाने पाठवला असेल तर टपालात टाकणे म्हणजेच देणे. खटला देणगीचा नव्हता, ओगलेवाडीच्या काचकारखान्याच्या उत्पन्नाचा होता. तत्त्व मात्र उपयोगी आहे. पावतीवर धनादेशाची तारीख आणि तो हाती आल्याची तारीख, दोन्ही लिहाव्यात. देणग्यांचे विवरणपत्र व देणगीदाराचे प्रमाणपत्र ३१ मेपर्यंत द्यावे लागते. पॅन क्रमांक मार्चमध्येच मागून घेतला नाही तर मे महिन्याच्या उन्हात तोच माणूस फोनवर सापडत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची (कंपनी अधिनियम, २०१३, कलम १३५) गोष्ट निराळी. त्यांचे अंदाजपत्रक वर्षारंभी ठरते. मार्चमध्ये जाणाऱ्याला उरलेसुरले मिळते.

डिसेंबरची रीत : अमेरिकेत व्यक्तींचे करवर्ष ३१ डिसेंबरला संपते व नाताळही तेव्हाच येतो; ‘गिव्हिंग ट्यूसडे’ हा देणगीचा दिवस तिथे २०१२ मध्ये सुरू झाला. तिकडची वेळापत्रके इथे जशीच्या तशी वापरली जातात, हे योग्य नाही. परदेशस्थ खानदेशी मंडळींपुरता डिसेंबर ठीक. त्यातही विदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी विदेशी अंशदान कायद्याखाली येते, हे आधी पाहावे. २ ते ८ ऑक्टोबरचा ‘दान उत्सव’ २००९ पासून देशात साजरा होतो, पण तेव्हा गावात कापसाचा पैसा फिरू लागलेला नसतो.

पूर्वपरंपरा : अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर (१९१६) श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यावर उभे राहिले. अशा ठिकाणी आवाहनाच्या वेळेचा प्रश्नच नव्हता. पुष्कळांच्या थोड्याथोड्या मदतीवर चालणाऱ्या संस्थांना मात्र तो पहिल्या दिवसापासून पडतो.

नंदुरबार : मिरचीचा हंगाम हिवाळ्याचा, व्यापाऱ्यांकडे जाण्याचा काळही तोच. सातपुड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि बरीचशी होळीला परततात. त्यांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पैसा मार्चअखेर नव्हे, स्थलांतराच्या आधी हवा असतो. म्हणून तिचे आवाहन श्रावणात निघावे लागते.